विश्लेषण : बाळ गेल्यावर संसाराचे काय होते? 'आनंदी गोपाळ'ने काय सांगितले, काय राहिले?

चौदाव्या वर्षी आई झालेल्या आनंदीबाई जोशींचे बाळ अवघे दहा दिवस जगले. पुढे त्या डॉक्टर झाल्या, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण बाळ गेल्यानंतरच्या दिवसांत त्या घरात काय घडले? नवरा-बायको एकमेकांशी काय बोलले? आपल्या कादंबऱ्या आणि चित्रपट या प्रश्नापाशी फारसे थांबत नाहीत. जगभरातील कलाकृती मात्र नेमक्या तिथेच थांबतात. हा फरक केवळ साहित्याचा नाही. शिरूर तालुक्यातील केंदूरसारख्या गावातल्या घरांशीही त्याचा संबंध आहे.

मूळ घटना काय?

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. बायकोला शिकवायचेच, हा गोपाळरावांचा हट्ट होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत आणि तो दगावला. त्यानंतर त्यांना मूल झाले नाही. १८८३ मध्ये त्या एकट्या अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. पदवीसाठी त्यांनी निवडलेला विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

कादंबरी आणि चित्रपटात काय दिसते?

श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ मधली. त्यातले गोपाळराव हट्टी, तऱ्हेवाईक आणि प्रसंगी क्रूर आहेत. समीर विद्वांस दिग्दर्शित 'आनंदी गोपाळ' हा चित्रपट २०१९ मध्ये आला. ललित प्रभाकर आणि भाग्यश्री मिलिंद यांच्या या चित्रपटात नात्याचा सूर बराच मवाळ आहे. चित्रपटात बाळाचा मृत्यू हे कथेचे वळण आहे. अभ्यासाला टाळाटाळ करणारी मुलगी त्या आघातानंतर डॉक्टर व्हायचे ठरवते आणि नवरा तिच्यामागे उभा राहतो. दु:खातून ध्येय आणि ध्येयातून जोडप्याची एकजूट, अशी ही सरळ रेषा आहे.

प्रत्यक्षात ती इतकी सरळ नव्हती. पत्नीच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी गोपाळरावांचा मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार १८७८ मध्येच सुरू झाला होता. शिक्षणाचा ध्यास आधीचाच होता, बाळाच्या मृत्यूने त्याला दिशा मिळाली, असे म्हणणे अधिक योग्य. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील भाषणात आनंदीबाईंनी अमेरिकेला जाण्याचे कारण सांगितले, ते देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे, हे. अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी लहानपणी सोसलेल्या माराची आठवणही करून दिली. म्हणजे या संसारात आधार होता, तसा धाकही होता. दु:खाने दोघे एक झाले, एवढे सांगून तो उलगडत नाही.

पाश्चात्त्य कलाकृती हा प्रसंग कसा हाताळतात?

अमेरिकी कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांची 'होम बरिअल' ही दीर्घ संवादकविता १९१४ मधली. पहिले मूल गेलेल्या जोडप्याचे जिन्यातले भांडण, एवढाच तिचा विषय. नवऱ्याने स्वत:च्या हाताने बाळाची कबर खणली. बायकोने ते खिडकीतून पाहिले. तो घरात येऊन रोजच्यासारखे काहीतरी बोलला आणि याला काही वाटतच नाही, असा तिचा समज झाला. त्याच्या दृष्टीने मात्र खणणे हीच दु:ख व्यक्त करण्याची रीत होती. कवितेच्या अखेरीस ती घराबाहेर पडू पाहते. पुढे काय झाले, हे कवी सांगत नाही.

फ्रॉस्ट यांचा पहिला मुलगा एलियट १९०० मध्ये कॉलराने गेला. १९०७ मध्ये जन्मलेली मुलगी काही दिवसांतच दगावली. तरीही फ्रॉस्ट दाम्पत्याचा संसार १९३८ मध्ये पत्नीचे निधन होईपर्यंत टिकला.

'पीसेस ऑफ अ वुमन' (२०२०) या चित्रपटात घरी झालेल्या प्रसूतीनंतर काही मिनिटांतच मुलगी दगावते. मार्था बाळाच्या खोलीतले सामान काढून टाकते. शॉनला मात्र एकेक खूण जपून ठेवायची असते. दोघांचे दु:ख सारखेच आहे, पण एकाचा आधार तोच दुसऱ्याचा घाव ठरतो. अखेर शॉन शहर सोडतो. केटा वेबर यांनी ही पटकथा स्वत:च्या आणि दिग्दर्शक कॉर्नेल मुंद्रुझो यांच्या गर्भपाताच्या अनुभवातून लिहिली.

बाळ गेल्यावर संसार खरेच मोडतात का?

सर्रास मोडतात, हा गैरसमज आहे. 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ७,७७० गर्भधारणांची माहिती तपासली गेली. मूल सुखरूप जन्मलेल्या जोडप्यांच्या तुलनेत गर्भपातानंतर जोडपे विभक्त होण्याचे प्रमाण २२ टक्क्यांनी, तर मृत बाळ जन्मल्यास ४० टक्क्यांनी अधिक आढळले. दुसऱ्या प्रकारात हा परिणाम जवळपास दशकभर जाणवला. याचा अर्थ ४० टक्के संसार मोडले असा नाही. बहुसंख्य जोडपी एकत्रच राहिली.

आपल्याकडे तर एकत्र राहणे हा निकष पुरेसाही नाही. घटस्फोट होत नाही म्हणजे संसार सावरला, असे होत नाही. एकाच घरात दोघे वर्षानुवर्षे त्या बाळाचे नावही न काढता राहू शकतात.

केंदूरसारख्या गावात काय घडते?

नमुना नोंदणी पाहणीच्या २०२० च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे १६ बालके वर्षाच्या आत दगावतात. त्यातील ११ पहिल्या २८ दिवसांतच जातात. संस्थात्मक प्रसूती वाढल्या, मृत्यू घटले, हे खरे. पण ज्या घरात बाळ जाते, त्या घराला सरासरीचा दिलासा नसतो.

संत कान्हुराज पाठकांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या केंदूरच्या परिसरातही पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत आहे. बाळ गेले तर बायको माहेरी आणि नवरा सासरच्या गावी, अशी ताटातूट दु:खाच्या पहिल्याच आठवड्यात होते. तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. ते काम पुरुष मंडळी करतात. आई खोलीतच असते. बाळ कुठे ठेवले, हे तिला अनेकदा कुणी सांगत नाही. तिला पान्हा मात्र फुटतच राहतो. मोठ्या माणसासारखे दहावे-तेरावे नसल्याने चारचौघांत रडायला ठरलेला दिवसही नाही. बाप दोन दिवसांत दूध घालायला किंवा रांजणगाव, सणसवाडीच्या कंपनीत पाळीवर जातो. फ्रॉस्टच्या कवितेतला गैरसमज इथे तयार व्हायला इंग्रजी यावे लागत नाही.

त्यात भर पडते ती बोलण्याची. 'वय आहे अजून, दुसरं होईल' हे धीर देण्यासाठी म्हटले जाते. ऐकणारीला मात्र पहिले मोजलेच गेले नाही, असे वाटते. 'जड उचललं असेल', 'पायगुण' अशी कुजबुज सुरू झाली, की दोष तिच्या पदरात पडतो. अशा वेळी नवरा गप्प राहिला, तर त्याचे मौन साक्षीसारखे वाचले जाते. संसाराला खरा तडा अनेकदा बाळाच्या मृत्यूने जात नाही, तो या मौनाने जातो.

कायदा आणि यंत्रणा काय देतात?

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली आणि मूल या शब्दाच्या व्याख्येत मृत जन्मलेल्या बाळालाही धरले. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२२ रोजी महिला कर्मचाऱ्यांसाठी मृत बाळ जन्मल्यास किंवा जन्मानंतर लगेच बाळ गेल्यास ६० दिवसांची विशेष रजा जाहीर केली. शेतात राबणारीला यातले काहीच मिळत नाही. खासगी नोकरीतल्या बापासाठी कायद्याने रजा नाही.

रुग्णालयात प्रसूती झाल्यावर आशा कार्यकर्ती तिसऱ्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येते. हा तक्ता मुख्यत: बाळाभोवती आखलेला आहे. बाळच नसेल, तरी या भेटी ठरल्याप्रमाणे व्हायला हव्यात. त्यात आईची झोप, जेवण, पान्हा यांची विचारपूस व्हावी आणि बापाशीही दोन शब्द बोलले जावेत. याला नवी इमारत लागत नाही, सूचना आणि थोडे प्रशिक्षण पुरे.

मग कथेकडून अपेक्षा काय?

आनंदीबाईंची कथा मोठी आहे, ती सांगितलीच पाहिजे. पण तिचा एक साचा झाला आहे. दु:ख झाले, तर त्यातून काहीतरी घडवून दाखवा, हा तो साचा. प्रत्येक जोडप्याला अमेरिकेची बोट मिळत नाही. अनेकांना मिळतो तो फक्त दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक आणि पहिली पाळी. त्यांची कथा मराठीत यायला हवी. त्यात नवरा खलनायक नसेल, बायको वीरांगना नसेल. एका संध्याकाळी तो तिला बाळ कुठे ठेवले ती जागा सांगेल आणि ती विचारेल, 'मला नेशील तिथे?' सांत्वनाला गेलेल्या माणसांनाही 'दुसरं होईल' याऐवजी 'बाळ कसं होतं?' एवढे विचारता आले, तर त्या दोघांना बोलायला सुरुवात सापडेल.