‘मान्य आहे’ दाबलं म्हणजे मोकळं रान नव्हे

“बटण तुम्हीच दाबलंत ना? मग आता ओरडता कशाला?” ॲपवाल्यांची बाजू घेणाऱ्यांचा हा हुकमी युक्तिवाद. सज्ञान माणसाने अटी मान्य केल्या, करार झाला, विषय संपला, असं त्यांचं म्हणणं.

हे मला साफ अमान्य आहे. करारात दोन्ही बाजूंना बोलायला जागा असते. इथे पानंच्या पानं इंग्रजी मजकूर, खाली एकच बटण, आणि ते दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ही संमती नव्हे, अडवणूक आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने दिला. हा हक्क एका टिचकीसरशी कसा विकला जाईल?

२०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही तसं मानत नाही. त्याच्या कलम ६ मध्येच एक उदाहरण दिलं आहे. घरबसल्या डॉक्टरी सल्ला देणारं एक ॲप त्या सेवेसाठी माहिती मागतं आणि सोबत फोनमधल्या नंबरांची यादीही मागतं. बाई दोन्हींना होकार देते. तरीही तिची संमती सल्ल्यापुरतीच धरायची, कारण औषधोपचाराला फोनबुक लागत नाही! शिवाय दिलेली संमती मागे घेणंही ती देण्याइतकंच सोपं हवं, असं हेच कलम सांगतं.

अशाने छोटे उद्योग बुडतील, हा दुसरा आक्षेप. स्टार्टअपना काही तरतुदींतून सूट देण्याची मुभा कायद्याने सरकारला दिलीच आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ खाली निष्काळजी कंपनीकडून नुकसानभरपाई मागता येते. ते कलमच वगळण्याची तरतूद या नव्या कायद्यात आहे. माहिती सांभाळण्यात कसूर केली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत, पण तो जाणार सरकारी तिजोरीत. फुटलेल्या माहितीमुळे ज्याचं बँक खातं रिकामं झालं, त्याला त्यातला छदामही नाही. हा उघड अन्याय आहे.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य कलमांना तिथून अठरा महिन्यांची मुदत आहे. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची सोय कायद्यात आहे. ती सूचना मराठीत मागा, आणि भरपाईचा हक्क कायम ठेवा, असं आपल्या खासदारांना आजच लिहा.