डिजिटल नागरिकत्व : आधी शिक्षकाने गिरवावयाचा धडा

नवी मुंबईचा विस्तार सांगताना लोक 'दिघा ते दिवाळे' असे म्हणतात. त्यातील दिवाळे हे बेलापूरलगतचे, खाडीकाठी वसलेले कोळी बांधवांचे गाव. एका बाजूस सिडकोने उभारलेले शहर, तर दुसऱ्या बाजूस होड्या, जाळी आणि मासळीचा बाजार. या गावातील मुलांना शिकवीत असताना 'डिजिटल नागरिकत्व' हा शब्द प्रथम आमच्या कानी पडला. तेव्हा तो संगणकाच्या तासाचा विषय असावा, असेच आम्ही समजलो. संकेतशब्द कोणास सांगू नये, अनोळखी व्यक्तीस छायाचित्र पाठवू नये, पडद्यासमोर फार वेळ बसू नये, एवढे फळ्यावर लिहून दिले की आपले कर्तव्य संपले, असे आम्हांस वाटे. २०१८च्या पावसाळ्यात हा भ्रम दूर झाला.

त्या वर्षी जून महिन्यात मुले पळविणाऱ्या टोळ्यांविषयीचे संदेश महाराष्ट्रभर फिरत होते. तसाच एक संदेश आमच्याकडेही आला. हेतू चांगलाच होता. 'पालकांनी काळजी घ्यावी' अशी ओळ जोडून आम्ही तो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर धाडला. दुसऱ्या दिवशी वर्गातील अनेक बाके रिकामी होती. शिक्षकांनीच कळविले आहे म्हणजे ते खरे असणार, असे घरोघरी मानले गेले होते. मासळी विकणाऱ्या एका आईने मात्र आम्हांस विचारले, "म्हावरं घेताना तुम्ही कल्ला उचलून बघता. ही बातमी कोणी उचलून बघितली?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

थोड्याच दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठार मारले. भिक्षेसाठी गावोगाव फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसे होती. मुले पळविण्यास आल्याचा संशय एवढेच त्यांच्या मरणाचे निमित्त. आम्ही पाठविलेला संदेश राईनपाड्यास पोहोचला नव्हता, हे खरे. परंतु तेथे ज्या संशयाने बळी घेतले, तोच संशय आम्हीही चांगल्या भावनेने, न पाहता, पुढे ढकलला होता.

अशा संदेशांची घडण समजून घेणे अगत्याचे आहे. त्या काळात भारतभर फिरलेल्या एका चित्रफितीत दुचाकीवरील माणसे रस्त्यावरील मुलास उचलून नेताना दिसत. प्रत्यक्षात ती कराचीतील बालसुरक्षा मोहिमेची जाहिरात होती. मुलास परत आणून सोडल्याचा आणि पालकांना सावध करणारा शेवटचा भाग कापून टाकला की तीच फीत अफवा बनली. दृश्य खरे होते, पण त्याचा संदर्भ हरवला होता. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, अशी मर्यादा घातली. तिने अफवेचा वेग मंदावू शकेल. परंतु पहिल्या पाच जणांना काय पाठवावे, हे कोणतेही यंत्र ठरवीत नाही. ते ठरविणारा अंगठा आपलाच असतो.

मग काय, गप्प बसणे म्हणजेच चांगले नागरिकत्व? तसे मुळीच नाही. पालघरची घटना आपण विसरता कामा नये. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला, तर तिच्या मैत्रिणीने त्यास पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड करण्यात आली. पुढे त्यांच्यावरील प्रकरण मागे पडले. ज्या कलमाचा असा वापर होत होता, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. 'त्रासदायक' अशा मोघम शब्दावर कोणास तीन वर्षांपर्यंत तुरुंगात धाडता येणार नाही, असा त्याचा अर्थ.

या दोन घटना एकत्र ठेवल्या की विषयाचे मर्म उमगते. पालघरच्या तरुणीने स्वतःचे मत स्वतःच्या नावाने मांडले होते. त्यास संरक्षण मिळावयास हवे. मुले पळविण्याच्या संदेशांना मात्र धनी नव्हता. प्रत्येक जण 'मला आले, मी पाठविले' असे म्हणून मोकळा होत होता. बोलण्याचा हक्क आणि बोललेल्याची जबाबदारी ज्याच्या ठायी एकत्र नांदतात, तोच खरा नागरिक होय.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनासाठी खोट्या बातम्या हाच विषय निवडला होता. हा संदेश त्यांनी त्या वर्षी जानेवारीतच प्रसिद्ध केला होता. आठव्या आज्ञेतील खोटी साक्ष केवळ न्यायालयातच दिली जाते असे नाही; आपल्या धर्मग्रामाच्या वा कुटुंबाच्या गटावरही ती दिली जाऊ शकते, याचे भान आपण बाळगावयास हवे.

आमच्यापुरते सांगावयाचे तर, आम्ही त्या गटावर चूक कबूल करणारा संदेश लिहिला. लिहिताना संकोच वाटला. परंतु मुलांना त्यातूनच अधिक शिकावयास मिळाले. आता कोणताही संदेश वर्गात आला की मुले तीन प्रश्न विचारतात : हे कोणी पाहिले? केव्हाचे? कोठले? मुलांची छायाचित्रे गटावर टाकण्यापूर्वी आम्ही पालकांना विचारतो. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही, काही अपवाद वगळता, अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हेच तत्त्व स्वीकारले आहे. इंटरनेटवर कोणाची आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० आणि मूल संकटात असल्यास १०९८ हे क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लिहिलेले आहेत.

शाळाशाळांत संगणक आले, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले, याचे स्वागतच आहे. परंतु शिक्षक, पालक आणि वडीलधारी माणसे स्वतः जे पुढे धाडतात, त्यातूनच मुले नागरिकत्व शिकतात. तेव्हा संदेश येताच क्षणभर थांबावे, कल्ला उचलून पाहावा, आणि खात्री नसेल तर तो आपल्यापाशीच संपवावा, एवढीच आपणा सर्वांस विनंती.