रस्त्यावर पाणी आहे, हे रुग्णवाहिकेला कधी कळणार?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात चार तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीचे पाणी वस्त्यांत शिरले. कोणत्या रस्त्यावर किती पाणी आहे, हे त्या पहाटे सर्वांत आधी कळले ते तिथल्या रहिवाशांना. हवामान खाते जिल्ह्याला इशारा देते; नरेंद्रनगरच्या रेल्वेपुलाखाली आत्ता किती पाणी आहे, हे त्यातून समजत नाही. ते तिथून जाणारा माणूसच सांगू शकतो.

हा प्रश्न केवळ वाहतुकीचा नाही. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. सर्पदंशात आणि अडलेल्या बाळंतपणातही मिनिटे मोजावी लागतात. मेडिकल किंवा मेयोकडे निघालेल्या ‘१०८’ला तुंबलेल्या पुलाखालून मागे फिरावे लागले, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. शिवाय सहा इंच वेगवान पाण्यातही माणसाचा तोल जातो आणि फूटभर वाहते पाणी छोटी कार ओढून नेऊ शकते.

मुंबईत आयआयटीच्या संशोधकांनी अशी सोय उभी केली आहे की, साचलेल्या पाण्याची माहिती नागरिकच कळवतात. नागपूरलाही हे अवघड नाही. महापालिकेच्या बसमध्ये उपकरणे बसवून अपघाताची संभाव्य ठिकाणे शोधणारा ‘आयरास्ते’ प्रकल्प २०२१ मध्ये इथेच सुरू झाला. तीच दृष्टी पावसाळ्यासाठी वापरता येईल.

मात्र, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा व्हिडिओ म्हणजे उपयोगी माहिती नव्हे. तो कुठला, कधीचा, हेच अनेकदा कळत नाही. रुग्णाने सांगितलेले लक्षण म्हणजे निदान नसते, पण ते ऐकून घेऊन डॉक्टर तपासणी करतो. तसेच इथेही व्हावे. एकाच ठिकाणाहून दोन-तीन जणांनी कळवले की, नियंत्रण कक्षाने कॅमेऱ्यातून किंवा जवळच्या पोलिसाकडून खात्री करावी, रस्ता बंद करावा आणि पाणी ओसरताच ती नोंद काढून टाकावी. जुनी नोंद तशीच राहिली, तर लोकांचा विश्वास उडतो.

आणखी एक सावधगिरी हवी. ज्या वस्तीतून काहीच कळवले गेले नाही, ती कोरडी आहे असे समजू नये. तिथे वीज गेली असेल, मोबाइल बंद पडले असतील किंवा माणसे घरातले सामान वाचवण्यात गुंतली असतील. नदीकाठच्या झोपडपट्ट्यांची चौकशी प्रशासनाने स्वतःहून करायला हवी.

पुढच्या पावसाळ्यापूर्वी महापालिका, वाहतूक पोलिस आणि ‘१०८’ सेवेने एकच नकाशा वापरायला सुरुवात करावी आणि नागरिकांसाठी एकच क्रमांक जाहीर करावा. आपण कळवताना ठिकाण, वेळ आणि पाणी घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत की कमरेपर्यंत, एवढेच सांगायचे आहे. तेही सुरक्षित जागी उभे राहून. फोटोसाठी पाण्यात उतरू नका.