शाप तांब्याचा की कराराचा?

आफ्रिकेचा विषय निघाला की कोणीतरी ठेवणीतलं वाक्य काढतंच, "खनिजं म्हणजे त्या देशांना शापच!" मला हे अजिबात पटत नाही. झांबियाचंच घ्या. निर्यातीतली सुमारे ७० टक्के कमाई एकट्या तांब्याची. पण शाप जमिनीखाली नव्हता, कागदावर होता.

१९९० च्या दशकात सरकारी खाणी तोट्यात, डोक्यावर कर्ज आणि जागतिक बँकेचा 'विकून टाका' म्हणून तगादा. अडला हरी... सरकारने सह्या केल्या. कायद्यात रॉयल्टी ३ टक्के, पण बड्या कंपन्यांच्या करारांत ०.६! वर अनेक वर्षं कर न वाढवण्याची हमी. २००२ मध्ये टनाला दीड हजार डॉलरच्या आसपास असलेलं तांबं २००६ मध्ये सहा हजारांच्या वर गेलं. झांबियाच्या तिजोरीत काय? चिल्लर. २००८ मध्ये सरकारने ते करार मोडले, तोवर तेजीची कित्येक वर्षं हातची गेली होती.

"पण कंपन्यांनी पैसा ओतला ना!" मान्य. सरकारला खाणी चालवता आल्या नाहीत, हेही मान्य. म्हणून मालकाने शंभर रुपयांमागे साठ पैसे घ्यायचे? शेजारच्या बोत्स्वानाने हिऱ्यांच्या 'डेब्स्वाना' कंपनीत निम्मा हिस्सा राखला आणि त्या पैशातून शाळा, रस्ते उभे केले. हिरेही जमिनीतूनच निघतात की!

२०२० मध्ये झांबियाने परदेशी कर्ज थकवलं. त्यात सरकारची उधळपट्टीही होतीच. आता इलेक्ट्रिक गाड्यांमुळे तांब्याला पुन्हा मागणी आहे. आपण सॉफ्टवेअर टाकताना अटी न वाचता 'मान्य' दाबतो. देशाला ते परवडत नाही.