भुशाची गोणी



जोयडा तालुक्यातल्या एका गावात फणसाच्या फांदीला टांगलेली गोणी आम्ही पाहिली. आत चिंध्या आणि भाताचा भुसा. वाळू भरली तर मनगट जायबंदी होते, हे मुलांनीच आम्हाला सांगितले. हाताला जुन्या धोतराच्या पट्ट्या आणि वजन करायला रेशन दुकानाचा काटा. स्पर्धेची तयारी चालली होती. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर एका मावशींनी आम्हाला अडवले: "वेदीसेवा करणाऱ्या पोरांना ठोसे कशाला शिकवता?"

मावशींचा प्रश्न खोटा नाही. जेझुइटांच्या 'ला चिविल्ता कात्तोलिका' या नियतकालिकाने २००५ साली व्यावसायिक मुष्टियुद्धावर कडक टीका केली होती, आणि ती आम्हाला पटते. हौशी स्पर्धेत वजनगट असतात, फेऱ्या तीनच असतात, निकाल बहुधा गुणांवर लागतो आणि पंच लढत थांबवू शकतो. तरी डोक्याला मार बसतोच. म्हणून मुलाला गरगरले तर त्या दिवशी सराव बंद, आणि डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय पुन्हा हातमोजे नाहीत, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. वजनगटात बसण्यासाठी वाढत्या वयातल्या पोराला उपाशी ठेवणे हाही उपवास नव्हे.

पण खेळच नको, हे आम्हाला मान्य नाही. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात संत पौल स्वतःला मुष्टियोद्धा म्हणवतो. करिंथाजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत, त्यामुळे वाचकांना ते चित्र ओळखीचे होते. पौलाने तिथे वापरलेल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ डोळ्याखाली ठोसा मारणे. तो ठोसा स्वतःच्याच देहाला आहे; समोरच्या गड्याचा उल्लेखही नाही. (पहाटेच्या प्रार्थनेला गुडघेदुखीचे निमित्त सांगणाऱ्या आम्हाला तो अध्याय जरा जपूनच वाचावा लागतो.)

आमची खरी काळजी निराळी आहे. १९८० च्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने विशेष क्षेत्र क्रीडा योजनेत आपल्या जिल्ह्यातली सिद्दी मुले निवडली. आफ्रिकी वंशाची म्हणजे वेग रक्तातच असणार, असा हिशेब होता. कमला सिद्दीने अडथळ्यांच्या शर्यतीत नाव केले. मग १९९० च्या दशकात सिद्दी मुलांसाठीचा तो उपक्रम गुंडाळला गेला आणि मुले घरी परतली. कुणी शेतावर गेले, कुणी मजुरीला. सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळेपर्यंत २००३ साल उजाडले.

त्या मुलांकडे पदक म्हणून पाहिले गेले, माणूस म्हणून कमी. आपण चर्चवाले वेगळे वागतो का? जिंकलेल्या पोराचा सत्कार शाल घालून करतो. पहिल्याच फेरीत हरून आलेला मागच्या बाकावर बसतो, त्याची चौकशी कोण करतो? त्याची शाळा बुडाली असेल, दात हलत असेल, घरी बोलणी बसली असतील.

म्हणून धर्मग्राम समितीकडे आम्ही ढाल मागितलेली नाही. दातांचे रक्षक, प्रथमोपचाराची पेटी, बुडालेल्या धड्यांसाठी संध्याकाळची शिकवणी आणि सरावानंतर उकडलेली अंडी, एवढेच मागितले आहे. हे सारे हरणाऱ्यालाही मिळावे, आणि खेळ सोडला तरी शिकवणी सुटू नये. शेवटची बस लवकर जाते, तेव्हा ज्यांच्याकडे दुचाकी आहे त्यांनी शनिवारी फणसाखाली यावे. मावशींनी अंड्यांचे कबूल केले आहे. ठोशांबद्दल त्यांचे मत अजून तेच आहे.