शुगरचं औषध आणि मार्च महिना

आमच्या मोहल्ल्यात मधुमेह कुणी म्हणत नाही, 'शुगर' म्हणतात. भारतात शुगरचे रुग्ण दहा कोटींहून अधिक आहेत, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला आयसीएमआरचा अभ्यास सांगतो. म्हणून सेमाग्लुटाइडची चर्चा वजन घटवणाऱ्या श्रीमंतांपुरती समजू नये.

आठवड्यातून एकदा घ्यायचं हे इंजेक्शन शुगर आटोक्यात ठेवतं, भूक कमी करतं. अमेरिकेत 'ओझेम्पिक' नावानं त्याला डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे २०२२ मध्ये याच औषधाची महागडी गोळी आली, जून २०२५ मध्ये वजनासाठीचं 'वेगोवी' आलं आणि ओझेम्पिक थेट डिसेंबर २०२५ मध्ये. तेव्हा सुरुवातीच्या डोसची किंमत आठवड्याला सुमारे २,२०० रुपये होती.

आता पेटंटचा हिशेब पाहा. त्याची वीस वर्षं अर्ज केल्याच्या तारखेपासून मोजली जातात. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंत, ईदच्या आसपासपर्यंतच होती. म्हणजे शुगरचं इंजेक्शन इथं आलं तेव्हा मक्तेदारीचे जेमतेम तीन-साडेतीन महिने उरले होते. कंपनीनं माल आणला नाही, तरी दुसऱ्याला विकायची मनाई चालूच होती.

त्याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबरमध्ये डॉ. रेड्डीजला हे औषध इथं बनवून, जिथं पेटंट नाही अशा देशांत पाठवायला परवानगी दिली. मात्र भारतात विकायचं नाही. निर्णय कायद्याला धरून असेल, पण कारखाना आपला, कामगार आपले आणि औषध दुसऱ्याच्या रुग्णाला, हे मनाला पटत नाही.

१९७० च्या कायद्यानं औषधाच्या रेणूवर पेटंट दिलं जात नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळायचं. त्यामुळेच आपल्या कंपन्या गरीब देशांच्या औषधवाल्या झाल्या. २००५ पासून नियम बदलले. तरीही सक्तीच्या परवान्याची तरतूद कायद्यात आहे. २०१२ मध्ये कर्करोगाच्या एका औषधासाठी ती वापरली गेली. त्यानंतर ती पुस्तकातच राहिली.

पेटंट संपलं की बऱ्याच कंपन्या उतरतात, भाव पडतात. पण औषध थांबवलं की वजन बहुधा परत वाढतं, म्हणजे खर्च महिन्यामागून महिने चालणार. रोजंदारीवरच्या माणसाला निम्मी किंमतसुद्धा जड जाईल. म्हणून ते जनऔषधी केंद्रात आणि सरकारी रुग्णालयात मिळावं, ही मागणी आपण आत्ताच करायला हवी. नगरसेवक, आमदार गल्लीत येतात तेव्हा गटारीबरोबर हेही विचारा.

आणि एक विनंती. स्वस्त झालं म्हणून मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय घेऊ नका. मळमळ, उलट्या होतात. रोजे ठेवणाऱ्यांनी तर डोस आणि पाण्याचं प्रमाण डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.