चीवर कोणाचे, चेहरा कोणाचा?



पडद्यावर भगवान बुद्धाचे नाव निघाले की आपल्या घरातील लहानथोर हरखून जातात. नुकताच धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांना तर तो आपलाच गौरव वाटतो. त्यात वावगे काही नाही. परंतु बुद्धाच्या नावाने सांगितले जाते ते खरोखर बुद्धाचे आहे काय, आणि ते सांगण्याचा मान कोणाला मिळाला, हे आपण विचारावयास नको काय?

अमेरिकेत १९७२ ते १९७५ या काळात एबीसी वाहिनीवर ‘कुंग फू’ ही मालिका चालली. तिचा नायक क्वाय चँग केन हा अमेरिकन बापाचा व चिनी आईचा पोरका मुलगा. शाओलिनच्या विहारात अंध गुरू पो यांच्या हाताखाली तो घडतो. पुढे बादशहाचा पुतण्या या गुरूंचे प्राण घेतो, केन त्या पुतण्याला ठार करतो आणि अमेरिकेच्या पश्चिम मुलखात परागंदा होतो. जेथे शब्दाआधी बंदूक बोलते अशा गावांतून हा निःशस्त्र भिक्षू हिंडतो. संकट आले की त्याला गुरूचे बोल आठवतात. हात उचलतो तो अगदी शेवटी.

हे चित्र मनोवेधक आहे, यात शंका नाही. पहिल्याच कथेत रेल्वेमार्गावर राबणाऱ्या चिनी मजुरांचे हाल दाखविले आहेत. ते हाल कल्पित नव्हेत. १८६९ साली पुऱ्या झालेल्या त्या लोहमार्गासाठी हजारो चिनी मजुरांनी डोंगर फोडले. गोऱ्यांहून कमी मजुरी मिळते म्हणून १८६७ साली त्यांनी संपही केला. त्याच अमेरिकेने १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केले. ते उघडावयास १९४३ साल उजाडले!

आणि या नायकाची भूमिका कोणी केली? डेव्हिड कॅरडिन या गोऱ्या नटाने. ब्रूस ली यांच्या नावाचा विचार झाला होता. कुंग फूमध्ये पारंगत असलेला हा चिनी वंशाचा नट सॅन फ्रान्सिस्कोतच जन्मला होता. तरीही तो नाकारला गेला. गुरूंच्या भूमिका मात्र आशियाई वंशाच्या नटांना मिळाल्या. म्हणजे उपदेश करण्यापुरता आशियाई चेहरा चालला, घरोघर ज्याला नायक मानावयाचे त्याला चालला नाही. आमचे ज्ञान हवे, आम्ही नकोत, हा न्याय आपणांस का अपरिचित आहे?

राहिला पहिला प्रश्न. मालिकेतील गुरूंची बरीचशी वचने ताओ मताची आहेत. लाओत्से थोर खरे. पण लाओत्से म्हणजे बुद्ध नव्हेत. दुःखाचे कारण शोधा, पंचशील पाळा, कोणी सांगितले म्हणून मानू नका, ही तथागताची शिकवण गूढ वाक्यांच्या धुक्यात हरवू देणे आपणांस परवडणारे नाही.

मालिका जरूर पाहावी, मुलांनाही दाखवावी. पाहून झाल्यावर ब्रूस ली यांची हकीकत त्यांना सांगावी, आणि मग ती काय विचारतात ते ऐकावे.